ओल्या दगडाचं धारयंत्र घेतलंय. आता ॲक्सेसरीज कोणत्या घ्याव्यात? (नाशिक)

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात पाण्यात फिरणाऱ्या दगडाचं धारयंत्र घेतलं. दगड २०० मिमी व्यासाचा आणि ४० मिमी रुंद, दुसऱ्या बाजूला चामड्याचं चाक. स्वीडनच्या टॉरमेकच्या धर्तीवर बनवलेलं आहे, मूळ कंपनीचं नाही. सोबत पटाशी धरायची एक साधी जिग (पातं ठरलेल्या कोनात धरणारी पकड) आणि चामड्यावर लावायच्या पेस्टची ट्यूब आली.

घरातली पाती अशी: रोजच्या वापरातल्या सुऱ्या, आईची विळी आणि अडकित्ता, बायकोची शिवणकामाची कात्री, माझ्या पटाशा आणि रंध्याची पाती. शिवाय दिंडोरीला सासऱ्यांची द्राक्षबाग आहे. तिथले सिकेटर (छाटणीच्या कात्र्या), कोयते आणि एक कुऱ्हाड.

आता प्रश्न असा की सुरीची जिग वेगळी, कात्रीची वेगळी, कुऱ्हाडीची वेगळी, छोट्या चाकूची आणखी वेगळी. त्यात जपानी दगड, डायमंड व्हील, कोन मोजायची पट्टी. सगळं घेतलं तर बेरीज यंत्राच्या किमतीपुढे जाते. आधी काय घ्यावं आणि कशाशिवाय चालेल? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

अंबडफिटर

दादा, अभिनंदन. एमआयडीसीत टूलरूममध्ये अनेक वर्षं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी तुमच्या हातात काय आलंय ते बघा. साधा सहा इंची बेंच ग्राइंडर मिनिटाला २८५० फेरे घेतो. त्याच्या दगडाची कड सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने पळते. टॉरमेकचं मोठं यंत्र, टी-८, २५० मिमीचा दगड ९० फेऱ्यांनी फिरवतं. कडेचा वेग सेकंदाला सव्वा मीटरसुद्धा नाही. लहान टी-४ वर तुमच्यासारखाच २०० मिमीचा दगड १२० फेऱ्यांनी फिरतो, वेग जवळपास तोच. वीसपटीच्या आसपास फरक झाला, वर पाणी. साधं कार्बन स्टील २२० अंशांच्या पुढे गेलं की पिवळसर होतं, ३०० च्या आसपास निळं पडतं. निळं पडलं म्हणजे त्या जागेचं पाणी उतरलं, कडकपणा गेला. तिथे पुन्हा कितीही धार लावा, टिकणार नाही. तुमच्या यंत्रावर हे होतच नाही. तुम्ही पैसे दिलेत ते या एका गोष्टीचे.

या संथपणाची दुसरी बाजू अशी की दगड जरा जरी वेडावाकडा फिरला तरी पातं उड्या मारतं आणि धार लाटांची होते. म्हणून माझ्या यादीत पहिली वस्तू कोणतीच जिग नाही. पहिलं घ्या ते दगड सरळ करायचं हत्यार, ज्याच्या टोकाला हिरा असतो आणि जे यंत्राच्या आडव्या दांड्यावर (ज्यावर जिगा टेकतात) बसतं. टॉरमेकचं टीटी-५० हे त्याचं नमुनेदार रूप. नवा दगड बसवला की पहिल्या दिवशीच फिरवून बघा, हलत असेल तर सरळ करा. एका वेळी अगदी थोडं कापायचं, हिरा दगडावरून सावकाश न्यायचा.

दुसरी वस्तू म्हणजे दगड भरड-बारीक करायचा ठोकळा. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा हा दगड मुळात २२० ग्रिटचा (ग्रिटचा आकडा मोठा तितका दगड बारीक). ठोकळ्याची भरड बाजू दाबली की दगड उघडतो आणि भराभर कापतो. बारीक बाजू दाबली की तोच दगड साधारण १००० ग्रिटसारखं काम करतो. एका दगडात दोन दगड मिळतात. स्वस्त यंत्रांसोबत हा ठोकळा कधी येतो, कधी येत नाही. खोक्यात बघा.

या दोन गोष्टी नसताना कितीही महागडी जिग घेतली तरी ती वाकड्या दगडावर वाकडीच धार लावणार.

विळीखवणी

फिटरदादा, छान समजावलंत. मला स्वयंपाकघराच्या बाजूने विचारायचं आहे. घरच्या सुऱ्यांना एवढं सगळं लागतं का? आमच्या इंदिरानगरमध्ये अजून सायकलवाला धारवाला येतो, ‘चाकू, सुरी, कातरीऽऽ’ अशी आरोळी देत. त्याच्याकडून लावलेली धार पंधरा दिवस बरी जाते, मग टोमॅटो चेपायला लागतो. यंत्राच्या धारेला जास्त टिकाव असतो का?

अंबडफिटर

ताई, धार किती टिकेल हे तीन गोष्टींवर ठरतं: पोलाद, कोन, आणि बर नीट काढली आहे का. धार लावताना पात्याच्या पलीकडच्या बाजूला बोटाला खरखरीत लागणारी पातळ कड येते, ती बर. ती तशीच राहिली तर सुरी पहिल्या दिवशी कमालीची कापते, मग बर दुमडते आणि धार गेली असं वाटतं. पंधरा दिवसांत टोमॅटो चेपण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. तुमच्या धारवाल्यांना म्हणा, शेवटी दोन्ही बाजूंनी अगदी हलका हात फिरवून द्या. फरक पडेल.

यंत्रावर ही बर चामड्याच्या चाकावर निघते. तेच घरच्या यंत्राचं खरं बळ आहे.

सहाण

माझे आजोबा धार लावायचे. पायाने फिरवायचा दगड खांद्यावर घेऊन जुन्या नाशकात, भांडी बाजार, रविवार कारंजा, तांबट लेनपर्यंत हिंडायचे. त्यामुळे दोन शब्द लिहावेसे वाटले.

पायाने फिरणारा दगड संथ असतो आणि शेजारी पाण्याचा डबा असतो. आजोबा पातं दगडाला लावायचे, उचलायचे, बुडवायचे. डोळे ठिणग्यांवर, कान आवाजावर. शेवटी जोड्याच्या जुन्या चामड्यावर दोनदा-चारदा ओढायचे. म्हणजे या यंत्रात जे जे आहे, ते सगळं त्यांच्या हातात होतं. पुढे मोटरचा कोरडा दगड आला, वेग वाढला, गिऱ्हाईक घाई करू लागलं, आणि पाण्याचा डबा मागे पडला. दोष धारवाल्याचा नाही. पाच मिनिटं थांबायची तयारी दाखवा, दोन पैसे जास्त द्या, जुना माणूस असेल तर अशी धार लावून देईल की यंत्र घ्यायचा विचार राहणार नाही.

आणि यंत्र घेतलेल्यांना एक विनंती. सोसायटीतल्या सगळ्यांच्या सुऱ्या फुकट लावून देऊ नका. त्या माणसाचं पोट त्यावर आहे. तुमच्या पटाशा, रंधे, ज्या कामाला कोन मोजून लागतो, ते यंत्रावर करा.

विळीखवणी

सहाण, हे मनापासून पटलं. आमच्याकडच्या काकांना पुढच्या खेपेला चहाला बसवते आणि निवांत लावून घेते.

गंगापूररोडकर

सहाण, लक्षात ठेवतो. शेजाऱ्यांनी विचारायला सुरुवात केलीच होती.

फिटरदादा, ठोकळा खोक्यात निघाला, हिऱ्याचं हत्यार नाही. ते मागवतो. आता सुरीच्या जिगबद्दल सांगा. आणि माझा भाचा अमेरिकेतून येतोय, तो म्हणतो तिकडचं मूळ यंत्रच घेऊन येतो, हे विकून टाक.

अंबडफिटर

यंत्र तिकडून आणू नका. तिकडची मोटर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरेल, पण आपली वीज ५० हर्ट्झची आहे ती ५० चीच राहणार. इंडक्शन मोटरचा वेग हर्ट्झवर चालतो. म्हणजे फेरे एक षष्ठांशाने कमी, आणि मोटर तापणार ते वेगळंच.

जिगा मात्र बॅगेत खुशाल येऊ द्या. त्याआधी एक काम करा. तुमच्या यंत्राचा आडवा दांडा व्हर्नियरने मोजा. टॉरमेकचा दांडा १२ मिमीचा असतो आणि त्याची नक्कल करणारे बहुतेक तोच माप ठेवतात. १२ निघाला तर त्यांच्या जिगा बसतील. दगडाचं भोकही मोजून ठेवा, पुढे दगड बदलताना लागेल. दांडा डुगडुगत असेल किंवा वाकलेला असेल तर इथेच सातपूर-अंबडला कुठल्याही लेथवाल्याकडून ब्राइट बारचा सरळ दांडा करून घ्या. हे काम आपल्या गावात जितक्या सहज होतं तितकं फार कमी ठिकाणी होत असेल.

सुरीची जिग घ्यायचीच. जुनी जिग एका बाजूने पकडते, त्यामुळे पात्याच्या जाडीनुसार दोन्ही बाजूंचा कोन किंचित वेगळा येतो. नवी, आपोआप मध्य साधणारी केजे-४५ ही अडचण सोडवते. लांब, पातळ आणि लवचिक सुऱ्यांसाठी रुंद जबड्याची केजे-१४० असते, पण घरी तशी सुरी नसेल तर नको.

कोन किती? आपल्या बाजारातल्या स्टेनलेस सुऱ्या बऱ्यापैकी मऊ पोलादाच्या असतात. त्यांना प्रत्येक बाजूला १८ ते २० अंश ठेवा. १२-१५ अंश जपानी कडक पोलादाला शोभतात, मऊ पोलादाला तेवढी बारीक धार दिली की कड वळते.

पटाशीवाला

मध्येच घुसतो, कारण इथे पैसे वाचवायची मोठी जागा आहे.

चार हजार ग्रिटचा जपानी दगड घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी. स्वयंपाकघरातल्या सुरीला १००० चा पोत आणि वर चामडं पुरतं. टोमॅटोच्या सालीवर किंचित दातेरी कडच चांगली चावते. आरशासारखी गुळगुळीत धार तिथे उलट घसरते. जपानी दगड मऊ असतो, जपावा लागतो, त्याच्यावर मी माझ्या रंध्याची पातीसुद्धा लावत नाही. ती हातदगडावर, सपाट पाठीसह, जास्त छान होतात.

डायमंड व्हीलचंही तेच. कार्बाइडची पाती नसतील तर गरज नाही. सिरॅमिकच्या सुऱ्यांना मात्र तेच लागतं, कारण साधा दगड सिरॅमिकला नीट कापत नाही. आणि डायमंड व्हीलवर नुसतं पाणी वापरू नये, त्यात गंज न येणारं द्रावण घालावं लागतं. म्हणजे एक खर्च दुसऱ्याला घेऊन येतो.

बेंच ग्राइंडरवर पोलादासाठी कोणी डायमंड व्हील सुचवलं तर ऐकू नका. वेगात तापल्यावर पोलाद हिऱ्यातला कार्बन खातं आणि चाक लवकर बोथटतं. त्या वेगाला सीबीएनचं (क्युबिक बोरॉन नायट्राइडचं) चाक लागतं. आपल्या संथ यंत्रावर ती भीती नाही.

पटाशीची जिग तुमच्याकडे आहे. तिच्यात पटाशी काटकोनात बसते का ते आधी गुण्याने तपासा. मऊ लाकडासाठी २५ अंश, शिसव-बाभळीसारख्या कडक लाकडाला आणि ठोकून वापरायच्या पटाशीला ३०.

गंगापूररोडकर

गोल दगडावर लावलेल्या धारेला आतून खोलगट आकार येतो, त्याने कड नाजूक होते असं एका सुतारकाकांनी सांगितलं. खरं का?

अंबडफिटर

हिशेब करू. चार मिमी जाडीची पटाशी, कोन २५ अंश. धारेचा उतार साडेनऊ मिमी लांब होतो. दगडाची त्रिज्या १०० मिमी. खोलगटपणा येतो साधारण ०.११ मिमी. झिजून दगड १६० मिमीचा झाला तर ०.१४. सहा इंची ग्राइंडरवर ०.१५. कड नाजूक व्हावी एवढा हा आकडा नाही. सुरीचा उतार जेमतेम एक मिमी असतो, तिथे तर मोजताही येणार नाही.

सुतारांना हा खोलगटपणा उलट आवडतो. पुढची धार हातदगडावर लावताना पातं टाच आणि टोक अशा दोन जागी टेकतं, डगमगत नाही.

दगड झिजल्यावर बदलतो तो कोन. दांड्याची उंची तीच ठेवली आणि दगड लहान झाला तर कोन वेगळा येतो. त्यावर उपाय काळा मार्कर. धारेचा उतार रंगवा, जिग लावा, दगड हाताने थोडा फिरवा. रंग फक्त टोकाशी गेला तर दांडा वर-खाली करा, पूर्ण उतारावरून सारखा गेला म्हणजे जुनाच कोन सापडला. कोन मोजायची पट्टी चांगली आहेच, पण मार्कर रोजच्या कामाला तिच्याहून नेमका.

आणि एक वही ठेवा. कोणती सुरी, जिगेपासून धारेपर्यंत अंतर किती, दांड्याची उंची किती. पुढच्या वेळी तेच माप लावलं की दोन-तीन हलक्या फेऱ्यांत काम होतं. दरवेळी अंदाजाने लावलं तर दरवेळी नवा कोन पाडावा लागतो आणि तेवढं पोलाद दगडावर जातं. चांगली सुरी अशीच अरुंद होत होत संपते. माझ्या मते या यंत्राचे पैसे वसूल होतात ते त्या वहीत.

द्राक्ष_निफाड

सिकेटरचं कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि एप्रिलची खरड छाटणी, दोन्ही वेळी पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या येतात. प्रत्येकाच्या हातात सिकेटर. बोथट सिकेटर काडी कापत नाही, चेचते. चेचलेली काडी नीट भरत नाही आणि माणसाचं मनगट संध्याकाळपर्यंत सुजतं. छाटणाऱ्या माणसाच्या मनगटासाठी तरी धार लावा असं मी सगळ्या बागायतदारांना सांगतो.

पण दादा, सिकेटरसाठी यंत्राची कोणतीच ॲक्सेसरी घेऊ नका. पातं बाकदार आणि आखूड, त्यासाठी स्क्रू खोलायचा, पातं काढायचं, छोटी जिग लावायची, पुन्हा जुळवायचं. टोळी बांधावर उभी असताना हे कोण करणार? खिशात मावणारी ६०० ग्रिटची डायमंड कानस घ्या. धार फक्त उताराच्या बाजूने, २० ते २५ अंशात, पात्याच्या बाकाबरोबर हात फिरवत. सपाट बाजूला कानस टेकवून फक्त बर काढायची, तिथे उतार पडला तर दोन पात्यांमध्ये फट राहते आणि काडी मध्येच दुमडते. धार लावण्याआधी चीक स्पिरिटने पुसा, नाहीतर कानस भरते. पुसल्याने एका वेलीचा रोग दुसऱ्या वेलीवर जाणंही टळतं. खालचं आकड्यासारखं पातं कापत नाही, आधार देतं, त्याला धार लावायची नाही.

कोयता-कुऱ्हाडीलाही जिग नको. कुऱ्हाड कानशीने, कोयता दगडाने. बांधावरच्या कामाला तेवढं चोख पुरतं. आणि दाते असलेला वैभव विळा चुकूनही सपाट दगडावर धरू नका, दाते जातील.

गंगापूररोडकर

हे फार मोलाचं. सासऱ्यांना आजच कानशीचं सांगतो. म्हणजे कुऱ्हाडीची आणि छोट्या चाकूची जिग यादीतून गेली.

कात्री आणि विळीचं काय?

विळीखवणी

विळीचं मी सांगते. जुन्या विळीचं पातं पाटात ठोकलेलं असतं, ते यंत्रावर आणणार कसं? पाटावरच बसून, ओला निसणा हातात धरून खालून वर न्यायचा, आणि बोटं कायम पात्याच्या पाठीमागच्या बाजूला. माझ्या सासूबाई ओल्या कपड्यात निसणा गुंडाळून फक्त टोक उघडं ठेवायच्या, त्याने हात घसरत नाही. अडकित्त्यालाही तोच निसणा, एकाच बाजूने.

कात्रीसाठी काय ते तुम्ही लोक सांगा, माझी मेरठची कात्री रेशमावर अडखळते.

पटाशीवाला

ताई, कात्रीला सुरीसारखी धार नसते. पात्याची कड ५५-६० अंशांची, बरीच उभी असते. कापड कापलं जातं ते दोन कडा एकमेकींना घासून जातात म्हणून. आतली बाजू किंचित खोलगट असते, तिला दगड कधीच लावायचा नाही. रेशमावर अडखळते म्हणजे बहुतेक आतल्या बाजूला बर राहिली आहे किंवा मधला स्क्रू सैल झाला आहे. आधी स्क्रू बघा.

गंगापूररोडकर, वहिनी शिवणकाम रोज करत असतील तर कात्रीची जिग घ्या, पुढे नक्की वसूल होईल. वर्षाकाठी एकदोनदाच लागत असेल तर कात्री शालिमारकडच्या जाणत्या माणसाकडे द्या.

गंगापूररोडकर

रोज शिवते, ब्लाउजची कामं घेते. म्हणजे जिग घेतो.

तर मागवतोय ते असं: दगड सरळ करायचं हिऱ्याचं हत्यार, सुरीची मध्य साधणारी जिग, कात्रीची जिग, सासऱ्यांसाठी डायमंड कानस, आईसाठी नवा निसणा. चामड्याच्या चाकाचं जरा सांगा. पेस्ट लावली, पण चाक कोरडंच वाटतं, आणि सुरी लावली की चामड्यात रुतते.

अंबडफिटर

रुतते म्हणजे दिशा उलटी आहे. दगडावर चाक धारेच्या दिशेने येत असलं तरी चालतं, चामड्यावर कधीच नाही. चामडं नेहमी पात्याच्या पाठीकडून धारेकडे निघून गेलं पाहिजे. उभं राहायची बाजू बदला.

कोरडं वाटतं कारण आधी तेल पाजलं नाही. शिवणयंत्राचं हलकं तेल चामड्यावर पसरवा, मुरू द्या, मग पेस्ट. नंतर प्रत्येक वेळी पेस्टचा एखादा ठिपका पुरतो. ट्यूब संपल्यावर बफिंगचं सामान विकणाऱ्यांकडे हिरवी क्रोमियम ऑक्साइडची वडी मिळते, तीही चालते.

आणखी दोन गोष्टी. यंत्राचा प्लग तीन पिनचा, अर्थिंग असलेलाच हवा, आणि त्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. ओले हात आणि वीज एकाच टेबलावर आहेत. काम झालं की पाण्याची पेटी खाली काढा. दगड पाण्यात बुडवून ठेवला तर खालची बाजू पाणी पिऊन बसते.

विळीखवणी

त्या पेटीतला काळा गाळ बेसिनमध्ये ओतला तर चालतो का हो?

अंबडफिटर

नको ताई. सिमेंटसारखा बसतो, ट्रॅप तुंबतो. रात्रभर तसंच ठेवा, वरचं निवळलेलं पाणी ओता, खालचा गाळ वर्तमानपत्रावर वाळवून कचऱ्यात. पेटीच्या तळाशी बाहेरून एक लोहचुंबक चिकटवला तर पोलादाचा कीस तिथेच गोळा होतो.